यजमान यंत्र, पाहुणे यंत्र

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाच्या आत चालणारा दुसरा संगणक. त्याला स्वतःचा पडदा, स्वतःची हार्ड डिस्क आणि स्वतःचे नेटवर्क कार्ड असते, पण यातले काहीच हाताला लागत नाही. डिस्क म्हणजे मूळ संगणकावरची एक मोठी फाईल, पडदा म्हणजे एक खिडकी आणि नेटवर्क कार्ड म्हणजे एका प्रोग्रॅमने वठवलेले सोंग. ज्या संगणकावर हे सारे उभे राहते त्याला होस्ट म्हणतात आणि आत चालणाऱ्याला गेस्ट. यजमान आणि पाहुणा हे मराठी शब्द इथे नेमके बसतात, कारण दोघांतले नातेही तसेच आहे. यजमानाला पाहुण्याच्या खोलीत केव्हाही डोकावता येते. पाहुण्याला मात्र यजमानाचे कपाट उघडता येत नाही. खासगीपणा जपण्यासाठी बनवलेली ऑपरेटिंग सिस्टीम व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवली, तर काय झाकले जाते आणि काय उघडे राहते, याची बहुतेक उत्तरे या एकतर्फी नात्यातून निघतात.

ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकात एका महागड्या यंत्रावर अनेकांना काम करता यावे म्हणून ती वापरली आणि १९७२ मध्ये व्हीएम/३७० या नावाने ती ग्राहकांपुढे ठेवली. १९७४ मध्ये जेरल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा यंत्राच्या अटी मांडल्या. आतल्या प्रोग्रॅमला आपण खऱ्या यंत्रावर नाही याचा फरक पडू नये, वेग फारसा घटू नये आणि साधनांवरचा ताबा कायम बाहेरच्या नियंत्रकाकडे राहावा. हा नियंत्रक म्हणजे हायपरवायझर. घराघरांतल्या इंटेल जातीच्या प्रोसेसरची रचना या अटींत सहज बसणारी नव्हती. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने सॉफ्टवेअरच्या युक्तीने ती अडचण ओलांडली. पुढे इंटेलने २००५ मध्ये आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली. २००७च्या सुरुवातीला केव्हीएम लिनक्सच्या गाभ्यात आले. त्याच वर्षी व्हर्च्युअलबॉक्सचा मुख्य भाग मुक्त सॉफ्टवेअर म्हणून खुला झाला. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला, मग तो पुण्याचा असो की जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरचा, व्हीएम प्रथम भेटते ती बहुधा इथेच: लॅपटॉपवर विंडोज तशीच ठेवायची आणि प्रात्यक्षिकापुरते लिनक्स व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवायचे.

प्रात्यक्षिकासाठी एवढे पुरते. खासगीपणासाठी आधी विचारावे लागते की लपायचे कोणापासून. उघडलेल्या संकेतस्थळाला वापरकर्त्याचा आयपी पत्ता दिसतो. इंटरनेट पुरवणारी कंपनी किंवा महाविद्यालयाचे वाय-फाय चालवणारा विभाग यांना कोण कुठे जाते ते दिसते. चुकून शिरलेल्या घातक प्रोग्रॅमला संगणकातल्या फायली दिसतात. आणि लॅपटॉप ज्याच्या हाती पडेल त्याला डिस्क दिसते. या चौघांना अडवणाऱ्या भिंती वेगवेगळ्या आहेत. व्हर्च्युअल मशीन त्यांतली एकच भिंत उभारते, तिसऱ्यासाठीची. ती उभारली की बाकीच्या तिन्ही आपोआप उभ्या राहिल्या असे समजणे ही नवख्यांची नेहमीची चूक.

आयपी पत्ता काय सांगतो आणि काय सांगत नाही, याचा धडा महाराष्ट्राला २००८ मध्ये मिळाला. २६ जुलैला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा आयपी पत्ता नवी मुंबईत सानपाड्याच्या एका सदनिकेत पोचला. तिथे राहणाऱ्या परदेशी नागरिकाचे वाय-फाय संकेतशब्दाविना उघडे होते आणि दुसऱ्याच कोणी ते वापरले होते. पत्ता घरापर्यंत नेतो, माणसापर्यंत नेईलच असे नाही. पण घरापर्यंत नक्की नेतो, आणि चौकशी तिथूनच सुरू होते.

नुसत्या व्हर्च्युअल मशीनने हा पत्ता लपत नाही. व्हर्च्युअलबॉक्समधले उबुंटू घरच्याच राउटरमधून बाहेर पडते, म्हणून संकेतस्थळाला घरचाच पत्ता दिसतो. तो झाकण्याचे काम टॉर करते. त्यामागची कल्पना अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९०च्या दशकाच्या मध्यावर आकाराला आली. रॉजर डिंगलडाइन, निक मॅथ्यूसन आणि पॉल सिव्हरसन यांनी तिची आजची रचना २००४ मध्ये शोधनिबंधातून मांडली. टॉरमध्ये प्रत्येक जोडणी जगभर पसरलेल्या तीन संगणकांतून जाते आणि माहितीवर कूटबद्धतेचे तीन थर चढलेले असतात. पहिल्या संगणकाला पाठवणाऱ्याचा पत्ता कळतो, पण तो कुठे चालला आहे हे कळत नाही. तिसऱ्याला मुक्काम कळतो, पण सुरुवात कळत नाही. मधल्याला या दोन्हींपैकी काहीच ठाऊक नसते. व्हीपीएनमध्ये या तिघांचे ज्ञान एकाच कंपनीकडे गोळा होते, आणि भारतात या फरकाला कायद्याचे वजन आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकाचे नाव, पत्ता, संपर्क आणि दिलेले आयपी पत्ते पाच वर्षे जपून ठेवायचे आहेत. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएनसारख्या कंपन्यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले.

टॉर ब्राउझर नेहमीच्या विंडोजवरही चालतो. मग वेगळी ऑपरेटिंग सिस्टीम कशाला? कारण ब्राउझर बंद केला तरी बाकीचा संगणक बोलतच असतो. अपडेट मागवणारे प्रोग्रॅम, ढगात फायली चढवणाऱ्या सेवा, अलीकडे उघडलेल्या दस्तऐवजांची यादी, छोट्या चित्रांचे साठे, यांतले काहीच टॉरमधून जात नाही आणि बरेचसे डिस्कवर उरते. ही गळती मुळातच थांबवायची म्हणून संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टीमच नव्याने रचणारे तीन प्रयत्न आज महत्त्वाचे आहेत: टेल्स, व्होनिक्स आणि क्यूब्ज. तिघांचे व्हर्च्युअल मशीनशी असलेले नाते मात्र अगदी वेगळे आहे.

टेल्सची पहिली आवृत्ती २००९ मध्ये आली. ती डेबियन लिनक्सवर बेतलेली आहे. २०१३ मध्ये अमेरिकेच्या पाळतीची गुपिते फोडणारे एडवर्ड स्नोडेन आणि त्यांच्याशी संपर्कात असलेल्या पत्रकारांनी ती वापरल्यामुळे तिचे नाव सर्वतोमुखी झाले, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये हा प्रकल्प टॉर प्रोजेक्टमध्ये विलीन झाला. टेल्स पेनड्राईव्हवरून सुरू होते, सगळे काम रॅममध्ये करते, टॉरखेरीज दुसऱ्या वाटेने बाहेर जाऊ पाहणारी जोडणी तोडते आणि बंद होताना रॅम पुसून टाकते. संगणकाच्या डिस्कला ती आपणहून हात लावत नाही.

फैजपूरकरांना हा प्रकार ओळखीचा वाटावा. डिसेंबर १९३६ मध्ये जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन इथे झाले. त्यासाठी शेतांवर टिळकनगर उभे राहिले. नंदलाल बोस यांनी ते बांबू आणि आसपास मिळणाऱ्या साध्या साहित्यातून सजवले होते. काम संपले, नगर उठले. टेल्सही तशीच कामापुरती उभी राहते आणि उठून जाते. फक्त मांडव कुठेही घातला तरी खाली जमीन कोणाची तरी असतेच, आणि मांडव निघाल्यावर खांबांचे खड्डे उरतात.

टेल्स व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवली की हे खड्डे नेमके दिसू लागतात. पेनड्राईव्हवरून चालताना तिच्याखाली फक्त यंत्र असते, पण व्हीएममध्ये तिच्याखाली आख्खी विंडोज किंवा दुसरे लिनक्स असते. पाहुण्याची रॅम म्हणजे यजमानाच्या रॅमचा एक तुकडा. यजमानाला जागा कमी पडली की तो रॅममधला मजकूर डिस्कवरच्या स्वॅप किंवा पेजफाईलमध्ये ढकलतो, आणि तेव्हा त्यात टेल्सचा भाग आहे की हिशेबाच्या तक्त्याचा हे तो पाहत नाही. लॅपटॉप हायबरनेट झाला तर रॅममधले बहुतेक सारे डिस्कवर उतरते. सर्वांत घातक ठरतो तो व्हर्च्युअल मशीनचा सर्वांत सोयीचा गुण, स्नॅपशॉट. चालू यंत्राचा स्नॅपशॉट घेणे किंवा ते सेव्ह करून बंद करणे म्हणजे जी रॅम पुसली जाणार होती ती स्वतःच्या हाताने फाईलमध्ये लिहून ठेवणे. शिवाय व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक यंत्राच्या फोल्डरमध्ये नोंदवही ठेवते. ते यंत्र केव्हा सुरू झाले, कोणत्या आयएसओ फाईलवरून, किती रॅमवर, हे सगळे त्यात सापडते.

टेल्सचे निर्माते ही गोष्ट लपवत नाहीत. आपण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहोत हे ओळखून टेल्स सुरुवातीलाच इशारा दाखवते की होस्ट ऑपरेटिंग सिस्टीम आणि व्हर्च्युअलायझेशनचे सॉफ्टवेअर या दोघांनाही आतले सारे दिसू शकते. ओळखणे तिला अवघड जात नाही, कारण या यंत्रांच्या खुणा उघड्या असतात. व्हर्च्युअलबॉक्सच्या बनावट नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा ओळखक्रमांक, ०८:००:२७ ने सुरू होतो, तर क्यूईएमयू या दुसऱ्या व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअरचा आणि केव्हीएमचा ५२:५४:०० ने. टेल्स दर वेळी मॅक पत्ता बदलते, पण व्हीएममध्ये तो बदलतो या बनावट कार्डाचा. लॅपटॉपचे खरे कार्ड आपल्या खऱ्या पत्त्यानिशी वाय-फायला जोडलेले राहते आणि राउटरच्या यादीत दिसते.

यजमान रोगट असेल तर आत काहीही चालवले तरी उपयोग नाही. विंडोजवर कळा टिपणारा प्रोग्रॅम शिरलेला असेल तर टेल्सच्या खिडकीत टाइप केलेला संकेतशब्द आधी विंडोजच्या हातातून जातो आणि मग आत पोचतो. पडद्याची चित्रे घेणाऱ्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने टेल्स ही इतर खिडक्यांसारखीच एक खिडकी आहे. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केलेली रिकॉल सुविधा पडद्याचे फोटो ठरावीक अंतराने साठवते, ती याच कारणाने वादात सापडली. म्हणून व्हीएममधली टेल्स ओळख करून घेण्यासाठी, शिकवण्यासाठी आणि संकेतस्थळांपासून पत्ता लपवण्यासाठी ठीक आहे. डिस्कवर माग न ठेवण्याचे जे तिचे मुख्य वचन, ते मात्र तिथे ती पाळू शकत नाही. ते हवे असेल तर आठ जीबीचा पेनड्राईव्ह आणि रीस्टार्ट एवढाच खर्च आहे. ७.० या आवृत्तीपासून तीन जीबी रॅम लागते, आणि विंडोज बंद असल्यामुळे ती जुन्या लॅपटॉपमध्येही मोकळी असते.

व्होनिक्सची गोष्ट उलटी आहे. ती २०१२ पासून विकसित होत आहे आणि तिची कल्पनाच व्हर्च्युअल मशीनवर उभी आहे. व्होनिक्स म्हणजे एक नव्हे, दोन यंत्रे. पहिले गेटवे. त्याला दोन नेटवर्क कार्डे असतात, एक बाहेर इंटरनेटकडे आणि एक आत. त्यावर फक्त टॉर चालते. दुसरे वर्कस्टेशन. त्याला एकच कार्ड असते आणि ते आतल्या बंदिस्त जाळ्यात गेटवेलाच जोडलेले असते. ब्राउझर, लेखन, फायली असे सारे काम वर्कस्टेशनवर होते. गेटवेचा आतला पत्ता १०.१५२.१५२.१० आणि वर्कस्टेशनचा १०.१५२.१५२.११. व्हर्च्युअलबॉक्सवर चालणाऱ्या जगातल्या सगळ्या व्होनिक्समध्ये हे आकडे सारखेच असतात, आणि त्यातच खरी हुशारी आहे. वर्कस्टेशनला आपला खरा आयपी पत्ता ठाऊकच नसतो. फैजपूरच्या घरातले वर्कस्टेशन आणि पॅरिसच्या घरातले वर्कस्टेशन यांना विचारले की तू कुठे आहेस, तर दोघेही तोच आकडा सांगतील.

याचा उपयोग काय, हे दोन घटनांवरून कळते. ऑगस्ट २०१३ मध्ये फ्रीडम होस्टिंग या सेवेवरच्या पानांमध्ये एफबीआयने असा कोड पेरला होता, जो विंडोजवरच्या टॉर ब्राउझरमधल्या फायरफॉक्सच्या दोषाचा फायदा घेई आणि संगणकाचा मॅक पत्ता व नाव टॉरला वळसा घालून थेट बाहेर पाठवी. जोडणी थेट गेल्यामुळे खरा आयपी पत्ताही उघड होई. दुसरी घटना टेल्सची. अल्पवयीन मुलींना धमकावून छळणारा कॅलिफोर्नियातला एक गुन्हेगार टेल्स वापरत असल्याने सापडत नव्हता. तेव्हा फेसबुकने एका सुरक्षा कंपनीला पैसे देऊन टेल्समधल्या व्हिडिओ प्लेअरच्या दोषावर बेतलेले हत्यार बनवून घेतले आणि ते एफबीआयपर्यंत पोचवले. एका मुलीच्या संमतीने तयार केलेला व्हिडिओ त्याने उघडला आणि त्याचा खरा पत्ता बाहेर पडला. २०१७ मध्ये तो पकडला गेला, आणि हत्याराची ही हकिगत २०२० मध्ये उजेडात आली. त्याच्याबद्दल कोणाला हळहळ वाटण्याचे कारण नाही. पण दोष तो दोष, आणि तोच दोष एखाद्या पत्रकाराविरुद्धही वापरता येतो. दोन्ही वेळा काम करणारा प्रोग्रॅम आणि खरा पत्ता जाणणारे यंत्र एकच होते. व्होनिक्समध्ये ब्राउझर किंवा व्हिडिओ प्लेअर पूर्ण ताब्यात गेला तरी हल्लेखोर वर्कस्टेशनमध्ये अडकतो. तिथून बाहेर जाणारी एकमेव वाट गेटवेमधून, म्हणजे टॉरमधून जाते. पुढे सरकायचे तर त्याला हायपरवायझरची भिंतच फोडावी लागते.

ती भिंतही कधीकधी फुटते. मे २०१५ मध्ये व्हेनम नावाचा दोष जाहीर झाला. क्यूईएमयूमध्ये फ्लॉपी ड्राईव्हचे सोंग वठवणारा जो भाग होता, त्यातली ही चूक २००४ पासून पडून होती. क्यूईएमयूचा कोड घेतल्यामुळे झेन, केव्हीएम आणि व्हर्च्युअलबॉक्स या सगळ्या हायपरवायझरांत ती पोचली होती. फ्लॉपी पाहिलेली पिढी निवृत्तीला आली तरी तिचे सोंग यांच्या बहुतेक व्हीएममध्ये जिवंत होते, आणि त्यातून पाहुण्याला यजमानाच्या घरात शिरता येत होते. जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झालेले मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे दोष तर प्रोसेसरच्या घडणीतच होते. असे दोष सापडले की दुरुस्त्याही निघतात. म्हणून इतर सगळे सोडले तरी हायपरवायझर आणि होस्ट अद्ययावत ठेवणे सुटत नाही.

व्होनिक्स विसराळू नाही, हे मात्र लक्षात ठेवावे लागते. वर्कस्टेशनची डिस्क ही होस्टवरची नेहमीची फाईल असते, आणि आज लिहिलेला मजकूर उद्या तिथेच सापडतो. लॅपटॉप दुसऱ्याच्या हाती पडला तर ती फाईलही पडते. तिला झाकायचे तर होस्टची संपूर्ण डिस्क कूटबद्ध हवी, विंडोजवर बिटलॉकरने किंवा लिनक्सवर लक्सने. व्हर्च्युअल यंत्र पुसून टाकल्याने तो हेतू साधत नाही. एसएसडीवर पुसलेल्या फाईलचे तुकडे कुठे उरतात यावर वापरकर्त्याचे नियंत्रण नसते.

तिसरी क्यूब्ज. पोलंडच्या सुरक्षा संशोधक योआना रुत्कोव्स्का यांनी २०१० मध्ये ती जाहीर केली आणि २०१२ मध्ये तिची १.० ही आवृत्ती आली. इथे व्हीएममध्ये ऑपरेटिंग सिस्टीम चालत नाही, ऑपरेटिंग सिस्टीमच व्हीएमची बनलेली असते. तळाशी झेन हायपरवायझर आणि त्यावर प्रत्येक कामाला स्वतंत्र खोली: बँकेची वेगळी, कार्यालयाची वेगळी, नेटवर्क कार्ड सांभाळणारी वेगळी, संकेतशब्द ठेवणारी आणि इंटरनेटशी अजिबात न जोडलेली आणखी वेगळी. प्रत्येक खिडकीला तिच्या खोलीचा रंग असतो, त्यामुळे बिनभरवशाच्या खोलीच्या लाल चौकटीत बँकेचा संकेतशब्द टाइप करायचा नाही हे डोळ्यांना कळते. व्होनिक्सची दोन्ही यंत्रे क्यूब्जमध्ये खोल्या म्हणून बसवता येतात. किमान सहा जीबी आणि सुखाने चालण्यासाठी सोळा जीबी रॅम लागते. प्रोसेसरही सगळे चालत नाहीत. क्यूब्जच व्हर्च्युअलबॉक्समध्ये चालवून पाहण्याचा मोह अनेकांना होतो, पण निर्माते त्याला पाठिंबा देत नाहीत. शिवाय त्यात तळाचा यजमान पुन्हा विंडोजच राहतो, म्हणजे सारा खटाटोप वाया.

क्यूब्जची सर्वांत उपयोगी सोय एकदाच वापरायच्या खोलीची आहे. ई-मेलला जोडून आलेली फाईल अशा खोलीत उघडायची, वाचायची, खिडकी बंद केली की खोली नष्ट. तिचे मोल पुणे पोलिसांनी सुरू केलेल्या आणि पुढे राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेलेल्या एल्गार परिषद प्रकरणातल्या वादावरून कळते. एप्रिल २०१८ मध्ये दिल्लीत जप्त झालेल्या एका आरोपीच्या लॅपटॉपची प्रत बचाव पक्षाने अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेकडे तपासायला दिली. २०२१ मधल्या तिच्या अहवालाचा दावा असा होता: जून २०१६ मध्ये ई-मेलने आलेली एक फाईल उघडल्यावर नेटवायर हा दूरनियंत्रक प्रोग्रॅम लॅपटॉपमध्ये शिरला आणि पुढे त्यावाटे दस्तऐवज पेरले गेले. तपास यंत्रणेने हा दावा मान्य केलेला नाही. वाद बाजूला ठेवला तरी शिरण्याची ही वाट संगणकशास्त्राला चांगली परिचित आहे. साध्या विंडोजमध्ये जोडफाईल उघडणारा प्रोग्रॅम आणि घरभरच्या फायली एकाच छताखाली असतात. एकदाच वापरायच्या खोलीत तोच प्रोग्रॅम एका रिकाम्या यंत्रात जागा होतो, आणि खिडकी मिटताच त्याच्यासकट यंत्र जाते.

प्रत्यक्ष बसवताना पहिले काम डाउनलोड केलेली फाईल खरी आहे का ते तपासणे. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटचे संकेतस्थळ फोडून हल्लेखोरांनी मागचे दार ठेवलेली आयएसओ फाईल तिथल्या दुव्यामागे लावली होती. निर्मात्यांची डिजिटल सही पडताळली तर अशी अदलाबदल पकडता येते. मग बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का पाहावे लागते. अनेक लॅपटॉपमध्ये ते बंद असते, आणि व्हीएम सुरूच होत नाही याचे एक नेहमीचे कारण हेच. आठ जीबीच्या लॅपटॉपवर व्होनिक्स सुसह्य चालते. चार जीबीवर यजमान आणि पाहुणे दोघेही उपाशी राहतात. ॲपलच्या एम मालिकेच्या प्रोसेसरवर टेल्स चालत नाही.

त्यानंतर सोयी बंद करणे येते. कॉपी-पेस्टची देवाणघेवाण, सामाईक फोल्डर, फाईल ओढून टाकणे, मायक्रोफोन, कॅमेरा, थेट जोडलेले यूएसबी, ही सगळी भिंतीला पाडलेली भोके आहेत. विंडोजमध्ये कॉपी केलेला मोबाइल क्रमांक पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये चुकून चिकटायला क्षण लागतो. खिडकीच्या आकारानेही ओळख पटते. पडदा ताणून तो लॅपटॉपच्या नेमक्या मापाचा केला तर ते माप संकेतस्थळाला कळते. २०१९ पासून टॉर ब्राउझर पानाभोवती करड्या पट्ट्या सोडून आकार ठरावीक टप्प्यांवर आणतो, ते याचसाठी. त्या पट्ट्या म्हणजे बिघाड समजून घालवण्याची खटपट करणारे बरेच असतात. घड्याळाचेही तसेच. दोन यंत्रांची घड्याळे सेकंदाच्या भागाने सारखीच चुकत असतील तर ती एकाच घरातली असल्याचा अंदाज बांधता येतो, म्हणून व्होनिक्स आपली वेळ यजमानावर न विसंबता टॉरमधून जमवते.

भारतात टॉर किंवा या ऑपरेटिंग सिस्टीम वापरण्यावर बंदी नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले. दुसरीकडे २०११ च्या सायबर कॅफे नियमांनी ओळखपत्राशिवाय संगणक द्यायला मनाई केली. कोणी केव्हा काय पाहिले याच्या नोंदी किमान एक वर्ष ठेवायला सांगितल्या आणि कप्प्यांच्या आडभिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नसाव्यात असेही लिहिले. खासगीपणाची उंची फुटांत मोजून देणारा नियम विरळाच. घरच्या इंटरनेटवर आडभिंत नाही, पण जोडणी आधार किंवा तत्सम ओळखपत्रावर घेतलेली असते, आणि टॉर वापरले जात आहे एवढे इंटरनेट पुरवणाऱ्याला कळते. काय पाहिले ते कळत नाही.

हे ‘एवढे’ लहान गावात मोठे ठरू शकते. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात परीक्षा टळावी म्हणून एका विद्यार्थ्याने टॉरमधून बॉम्बच्या अफवेचा ई-मेल पाठवला. टॉर फुटले नाही. त्या वेळी विद्यापीठाच्या वाय-फायवर टॉर कोण वापरत होते, याची यादी पाहिली गेली. ती लहान होती. तो त्यात होता, आणि विचारल्यावर त्याने कबूल केले. टॉरचे लपवणे गर्दीवर चालते. मुंबईच्या जाळ्यात हजारोंत एक असलेला वापरकर्ता तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयाच्या वाय-फायवर कदाचित एकटाच असेल. टॉर वापरात आहे हेच झाकायचे असेल तर ब्रिज नावाच्या, सार्वजनिक यादीत नसलेल्या प्रवेशबिंदूंतून जाण्याची सोय टेल्स आणि व्होनिक्स दोन्हींत आहे.

बाकीची ओळख माणूस स्वतः देतो. व्होनिक्समध्ये बसून नेहमीच्याच जीमेल खात्यात शिरणे, मोबाइलवर काढलेला फोटो आतल्या स्थळनोंदीसकट चढवणे, यूपीआयने पैसे देणे, यांवर कोणत्याही ऑपरेटिंग सिस्टीमचा इलाज नाही. मराठी वाचण्याची अडचण सुटलेली आहे. लिनक्सवरचा टॉर ब्राउझर देवनागरीचा फाँट सोबतच आणतो, त्यामुळे वेगळा फाँट बसवून आपला संगणक इतरांहून निराळा दिसू द्यावा लागत नाही. लिहिण्याचे मात्र तसे नाही. शब्दांची निवड, वाक्यांची लांबी, चुकांच्या सवयी यांवरून लेखक ओळखण्याचे शास्त्र आहे, आणि बोलीच्या बाबतीत त्या शास्त्राचीही गरज पडत नाही. केळीच्या भावाबद्दल लेवा गणबोलीत लिहिलेली तीन वाक्ये वाचून यावल-रावेर पट्ट्यातला माणूस लिहिणारा आपल्याकडचा आहे हे ओळखतो, मग ती वाक्ये जर्मनीतल्या टॉरच्या संगणकातून बाहेर पडलेली असली तरी.